रबराला तेल लावायचं नसतं

आमच्या घरात काहीही कुरकुरलं की त्याला तेल मिळतं. दाराची बिजागरी, शिलाई मशीन, पंखा, कात्री, दुमडायची छत्री. एकदा टीव्हीच्या रिमोटचं बटण अडकायला लागलं, तर त्यालाही मिळालं, आणि तो रिमोट त्याच दिवशी वारला. हे खातं बाबांचं. त्यांनी उभा जन्म एसटी चालवली. डेपोत मेकॅनिक असायचे, पण बाबांचा भरवसा स्वतःच्या हातावर. गाडी बाहेर काढण्याआधी वाकून खाली बघायचं, कुठे कोरडं वाटलं तर ग्रीस मारायचं, मगच स्टिअरिंगला हात लावायचा. निवृत्त झाले तेव्हा घरी शाल आली, श्रीफळ आलं आणि त्यांची स्वतःची ग्रीस गन आली. श्रीफळाच्या वड्या झाल्या, शाल ट्रंकेत गेली. ग्रीस गन मात्र अजून मोरीवरच्या फळीवर हाताशी असते.

मी नोकरी करते डोंबिवली पूर्वेला, रबराच्या वस्तू बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये. माझं काम म्हणजे रबर ताणायचं, दाबायचं, भट्टीत ठेवायचं, वेगवेगळ्या तेलांत बुडवायचं आणि ते कधी हार मानतं ते बघायचं. म्हणजे वडिलांची श्रद्धा तेलावर आणि मुलीची भाकरी रबरावर. त्यात राग आम्हा दोघांच्याही नाकावर. कधीतरी ठिणगी पडणारच होती. ती पडली आईच्या गाडीवरून.

आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं त्याला आता दोनेक वर्षं होतील. ऑपरेशन उत्तम झालं. घोटाळा झाला तो टाके काढून परत येताना. हॉस्पिटल कल्याणला आणि आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. मी रिक्षा केली. पत्रीपुलाच्या उतारावर ती रिक्षा एका खड्ड्यात अशी आपटली की आई ओरडली. आईला ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या जन्माच्या वेळीही तिने तोंडातून आवाज काढला नव्हता, असं मावशी अभिमानाने सांगते. घरी येऊन ती पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघत म्हणाली, "आता मी ह्या घरातून कुठेही जायची नाही."

रागाच्या भरात बोलली असेल, असं आम्हाला वाटलं. पण आईला आमच्यासारखा राग येत नाही. ती जे बोलते ते ठरवून बोलते. पुढे डॉक्टर म्हणाले, "हाडं छान जुळलीत, आता चाला, बसा, फिरा." ती घरात चालायला लागली, ओट्याशी उभी राहून आमटीला फोडणी द्यायला लागली. पण गेटबाहेर पाऊल नाही. एकदा आम्ही चांगली मोठी टॅक्सी बोलावली. पहिल्या स्पीड ब्रेकरपर्यंत गेलो, तिने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "दादा, वळवा." तो बिचारा आमच्याकडे बघायला लागला. आम्ही वळवली.

ह्यात सगळ्यात जास्त हाल झाले ते मावशीचे. मावशी आईची धाकटी बहीण, कल्याणला राहते. मध्ये एक ठाकुर्ली स्टेशन काय ते. तिचे गुडघे गेलेत, घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती येऊ शकत नाही आणि आई जात नाही. लग्नं झाल्यापासून ह्या दोघी दर गुरुवारी भेटायच्या. एकीने डबा न्यायचा, दुसरीने तो नावं ठेवत ठेवत संपवायचा, असा त्यांचा रिवाज होता. आता व्हिडिओ कॉल. मावशीला फोन सरळ धरता येत नाही, त्यामुळे आईला अर्धा तास मावशीचा पंखा दिसतो. एकदा फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, "तिच्या कपाळावर डाग दिसला का गं तुला? की पंख्याची सावली होती?" मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. दोन स्टेशनांवर राहणाऱ्या सख्ख्या बहिणीचं कपाळ तिला धड दिसत नव्हतं.

बाबांनी ते ऐकलं. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "ह्या रिक्षावाल्यांना, टॅक्सीवाल्यांना गाडी चालवता येत नाही. मी नेतो हिला. पोटातलं पाणी हलू देणार नाही."

"कशातून नेणार? पाटावर बसवून?" मी विचारलं.

गाडी होती, तशी. मामाची, दिवा स्टेशनजवळ, त्याच्या चाळीच्या मागे उभी. छोटी, चौकोनी तोंडाची. मामा भावनाप्रधान माणूस. कागदपत्रं त्याने वेळच्या वेळी नवी करून ठेवली होती, गाडी नवी करायची तेवढी राहिली होती. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. मामीने तिला दुसरं खुराडं दिलं आणि आम्ही गाडी टेम्पोवर चढवून आणली. बिल्डिंगच्या बाजूला, आमच्या तळमजल्याच्या खिडकीखाली ती ठेवली, तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून गेला: "काका, भंगारात किती देतायत बघा ना."

इंजिन आणि ब्रेक बाबांनी त्यांच्या ओळखीच्या मेकॅनिककडे सोपवले. ब्रेकशी खेळायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. पण गाडीचं खालचं अंग, म्हणजे चाकं धरणारे लोखंडी हात, स्प्रिंगा, दांड्या, हे सगळं आमच्याकडे. कारण खड्ड्याचा धक्का आईच्या पाठीपर्यंत पोचायचा की नाही ते तिथेच ठरणार होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघं चटई टाकून गाडीखाली शिरायचो आणि आई खिडकीच्या गजांमागे पलंगावर पडल्या पडल्या आमचे पाय बघायची. "डाव्या पायातली चप्पल तुटलीय हो तुमची," असं वरून कळायचं. बाबा खालून म्हणायचे, "माहितीय." मग चपलेला लावायला खिळा मागायचे.

जुने भाग सुटे झाले तसं माझ्या लक्षात आलं की गाडी लोखंडाची म्हणतात ते निम्मंच खरं आहे. जिथे जिथे एक लोखंडी हात दुसऱ्याला मिळतो, तिथे मध्ये रबराचं एक जाड वेटोळं असतं. त्याला बुश म्हणतात. चाक खड्ड्यात गेलं की हात हलतो, रबर पीळ खातं, आणि धक्क्यातला बराचसा भाग तिथेच जिरतो. मामाच्या गाडीतले बुश हाताने कुस्करले तर शिळ्या भाकरीसारखे तुकडे पडत होते. मला एकदम आनंद झाला. इतकी वर्षं मी हे असंच रबर यंत्रात घालून छळत होते, आणि ते शेवटी कोणाच्या पाठीसाठी असतं हे मला कधी दिसलं नव्हतं.

नवे बुश बाबा कल्याणच्या बाजारातून घेऊन आले. मी बजावलं, आणि एकदा नाही, चांगलं दहा वेळा बजावलं असेल, "बाबा, ह्यांना ग्रीस लावायचं नाही. बसवताना साबणाचं पाणी लावू. ते सुकून जातं. ह्या आडव्या दांडीवरचे दोन बुश तेवढे घासतात, त्यांच्यासाठी मी रबराचं वेगळं ग्रीस आणते. तोवर हात लावू नका."

"लोखंड तेलाशिवाय चालतं होय?"

"हे लोखंड नाहीय. रबर आहे."

"मध्ये रबर आहे. बाजूला लोखंडच आहे की."

"बाबा!"

"बरं बरं. तू म्हणशील तसं."

आमच्या घरात 'तू म्हणशील तसं' ह्याचा अर्थ काय होतो ते मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

साबणाच्या पाण्याने बुश फार सुरेख बसले. लांब बोल्ट, दोन जाड वायसर आणि पाइपचा एक तुकडा घेऊन आम्ही एकेक बुश दाबत गेलो. बाबा पाना फिरवायचे, मी सरळ जातंय का ते बघायचे. त्या दिवशी आम्ही भांडलो नाही, म्हणून आईने खास शिरा केला.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात कामाचा रेटा होता. एका संध्याकाळी घरी आले तर बाबा चटई गुंडाळत होते. हाताला तो ओळखीचा पिवळा, चिकट रंग. चेहऱ्यावर समाधान. मी काही न विचारता बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. प्रत्येक बुश ग्रीसने माखला होता. डेपोत एसटीखाली जसं ठासून भरायचे तसं, बाहेर ओघळेपर्यंत.

मग मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. बिल्डिंगमधल्या लोकांना पाठ आहे. बाबाही गप्प बसणारे नव्हते. "मी घाटातून गाड्या उतरवल्यात, तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरी मागे झोपलेल्या असायच्या," असं ते म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्या एसटीला खाली पट्ट्याच्या स्प्रिंगा होत्या, पितळी बुश होते, त्यांना ग्रीस लागायचं. हे वेगळं आहे. हे फुगणार, मऊ होणार, आणि मग पुलावर आईला काय होणार ते बघा तुम्ही!" हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. खिडकी उघडी होती.

आतून आई म्हणाली, "दोघंही आत या. आणि हात धुवा."

बाबांचं काही चुकलं होतं असं मला तेव्हा वाटत होतं, आज तसं वाटत नाही. त्यांना बायकोची काळजी होती. आणि काळजी वाटली की ते ग्रीस लावतात. त्यांना दुसरं काही येत नाही.

आत गेलो तर आईने विचारलं, "हे फुगतं म्हणजे किती फुगतं? डोळ्यांना दिसतं का?"

"दिसतं. पण दिवस लागतात."

"मग दाखव की. भांडता कशाला?"

मी उरलेल्या एका नव्या बुशाचे दोन सारखे तुकडे कापले. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. एकीत बाबांच्या डब्यातलं इंजिन ऑइल. दुसरीत एरंडेल. एरंडेल कशाला, म्हणून बाबा तोंड वाकडं करून बघत होते. लहानपणी त्यांना आजी नाक दाबून पाजायची, तेव्हापासून त्या बाटलीला ते हात लावत नाहीत. मी म्हटलं, "मी जे रबराचं ग्रीस आणणार होते ना, ते मुळात ह्याचंच असतं. गाडीचं तेल जमिनीतून निघतं, रबराच्या जातीचं, त्यामुळे ते रबरात शिरून बसतं. हे बियांचं, त्याची जात वेगळी. हे बाहेरच राहतं." बाबा म्हणाले, "बघू." मी म्हटलं, "बघूच."

बरण्या खिडकीत ठेवल्या, आणि बघायचं काम आईवर आलं.

आणि इथे एक गंमत झाली. फिजिओथेरपीवाली बाई आईला सांगून सांगून थकली होती की रोज सकाळी पाठ सरळ ठेवून बसा. आई दोन मिनिटं बसायची आणि कंटाळून आडवी व्हायची. बसून बघण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं. आता उठल्या उठल्या ती पलंगाच्या कडेला बसून दोन्ही बरण्यांकडे टक लावून बघायला लागली. मग चिमट्याने तुकडे बाहेर काढून, फडक्याने टिपून, शिवणाच्या टेपने मोजायला लागली. मावशीला फोनवर रोजचा अहवाल जायचा. "आज तेलातला अजून जाड झालाय. हो गं, एरंडेलातला आहे तसाच आहे. गुणी आहे." पलीकडून पंखा विचारायचा, "आणि भावोजी?" आई म्हणायची, "ते पण फुगलेलेच आहेत अजून."

बाबांनी माझ्याशी अबोला धरला होता. जे काही बोलायचं ते आईमार्फत. "तिला सांग, बेसिनचा नळ गळतोय." मी समोर, हातात त्याच नळाचं पाणी. पण मी बघत होते, आई स्वयंपाकघरात गेली की ते हळूच खिडकीशी जायचे आणि बरणी उजेडात धरून बघायचे.

एका सकाळी आईने चिमट्याने दोन्ही तुकडे बशीत काढले आणि बाबांच्या चहाशेजारी ती बशी ठेवली. एक तुकडा होता तसाच. दुसरा आंघोळीला फार वेळ बसलेल्या माणसाच्या बोटासारखा सुजला होता, आणि दाबला की नख रुतत होतं. बाबांनी दाबून बघितलं. मग पुन्हा दाबलं. चहा संपवला, शर्ट घातला, पिशवी घेतली आणि कल्याणला जाऊन बुशांचा दुसरा संच घेऊन आले. येताना मला आवडतात म्हणून बटाटेवडेही आणले. माफी मागायची त्यांची पद्धत मला माहीत आहे. मी वडा खाल्ला. त्यांनाही माझी पद्धत माहीत आहे.

माखलेले बुश काढताना बाबा ग्रीस पुसायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "एवढं प्रेमाने लावलं होतं." मला हसू येत होतं. ह्या वेळी फक्त साबणाचं पाणी. आडव्या दांडीच्या दोन बुशांना रबराचं ग्रीस, नखाएवढं. ते लावायचा मान मी बाबांना दिला. त्यांनी इतकं कमी ग्रीस आयुष्यात कधी लावलं नसेल. तीट लावावी तसं एका बोटाने लावलं.

आता बोल्ट आवळायचे होते. बाबांनी लांब पाना घेतला आणि मी ओरडले, "थांबा!" ते दचकून म्हणाले, "आता काय?"

मी फोनवर पाहिलं होतं, चारचारदा पाहिलं होतं. गाडी वर उचललेली असताना चाकं खाली लोंबत असतात. तेव्हा बोल्ट आवळले तर रबर त्या लोंबत्या जागी पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली, वजन पडलं, की ते कायम पीळ खाल्लेलं राहतं. गाडी कडक होते आणि रबर लवकर फाटतं. म्हणून आधी गाडी चाकांवर उभी करायची, वजन पडू द्यायचं, आणि मग शेवटचं आवळायचं. हे सगळं मी गाडीखालून मोठ्याने समजावून सांगत होते.

वरून आईचा आवाज आला, "म्हणजे परकराच्या नाडीसारखं."

"काय?"

"बसून नाडी बांधली की उभं राहिल्यावर काचते. उभं राहून बांधायची असते. ह्यात एवढं फोनवर काय बघायचं?"

बाबा गाडीखाली हसत सुटले. हसताना त्यांचं डोकं लोखंडाला लागलं, तरी हसतच राहिले.

आम्ही चारही चाकांखाली जाड लाकडी ठोकळे घातले. गाडी आपल्या चाकांवर उभी, दगड लावलेले, हँडब्रेक ओढलेला, आणि खाली एक माणूस मावेल एवढी जागा. बाबा म्हणाले, "ड्रायव्हरच्या सीटवर तू बस, माझ्याऐवजी. बाजूच्या सीटवर तांदळाची गोणी ठेवू. तुझ्या आईइतकं वजन पडलं म्हणजे झालं." मी गोणी आणायला आत गेले. गोणीला हात लावला तोच आई म्हणाली, "राहू दे ती."

मला वाटलं, तिला तांदूळ बाहेर न्यायला नकोत.

ती पलंगावरून उठली. कंबरपट्टा बांधला, उभं राहून. केसांवरून हात फिरवला. "माझ्याइतकं कशाला? मीच बसते. गोणीला काय कळणार आहे, काचतंय की नाही ते?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीबाहेर पाना धरून उभे होते. आम्ही दोघांनीही तोंड उघडलं नाही. बोललो असतो तर तिने कदाचित विचार बदलला असता. आम्हा दोघांना आयुष्यात एकाच वेळी गप्प बसायला जमलं ते तेवढंच.

आई दारातून बाहेर आली, दोन पायऱ्या उतरली. ठोकळ्यांमुळे गाडी उंच झाली होती, म्हणून मी जेवायचा पाट पायाखाली ठेवला. ती आधी सीटवर टेकली, मग डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही पाय एकदम आत घेतले. गाडी तिच्या बाजूला किंचित दबली. मी स्टिअरिंगमागे बसले. बाबा खाली शिरले.

"आवळू का?" खालून.

"थांबा, नीट बसू द्या." आईने पदर सारखा केला, पाठ टेकली. "हं. आता आवळा."

खालून पान्याचे आवाज यायला लागले. एकेक बोल्ट झाला की बाबा सांगायचे, "डावा पुढचा झाला." आई म्हणायची, "पुढे चला." शेवटचा झाला तेव्हा बाबा बाहेर आले, तोंडाला धूळ, आणि तिच्या दाराशी उभे राहिले. म्हणाले, "झालं. उतर आता."

आई समोर काचेतून गेटकडे बघत होती. मग म्हणाली, "आज वार कोणता?"

"गुरुवार," बाबा म्हणाले. गाडीच्या कामासाठी मी त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेतली होती.

"तिच्यासाठी मुगाची खिचडी केली असती, तिला आवडते. आता राहू दे. तुम्ही तोंड धुऊन या."

ठोकळ्यांना फळ्यांचा उतार लावून गाडी खाली घेताना बाबा दर बोटभर अंतराला ब्रेक दाबत होते. घाटातून गाड्या उतरवलेला माणूस तो. पण रस्त्याला लागलो आणि ते एकदम शांत झाले. मी मागे बसून फक्त आईच्या खांद्यांकडे बघत होते. ठाकुर्लीचा पूल गेला, नव्वद फुटी रस्ता गेला. ती दाराच्या वरचं हँडल धरून होती. बोलत नव्हती. गाडीही बोलत नव्हती, ना कुरकुर, ना खडखड. पत्रीपूल दिसायला लागला तसं बाबांनी मागच्या गाड्यांचे हॉर्न खात खात वेग कमी केला, आणखी कमी केला. उतारावर खड्डा होताच, तो कुठे जाणार. चाक हळूच खाली गेलं आणि हळूच वर आलं.

"दुखलं?" बाबांनी तिच्याकडे न बघता विचारलं.

"थोडंसं." मग ती म्हणाली, "थांबू नका. चला."

मी मागे बसून रडले. सांगायला लाज कसली. दोन वर्षांनी माझी आई 'चला' म्हणाली होती.

मावशीच्या बिल्डिंगखाली पोचलो आणि तिघांच्याही लक्षात एकदमच आलं. इतके महिने स्प्रिंगा, बुश, बोल्ट, सगळ्याचा विचार केला. पण आईला दोन जिने चढता येणार नाहीत, ह्याचा विचार कोणीच केला नव्हता. बाबांनी कपाळावर हात मारला. मी वर जाऊन मावशीला खिडकीत आणते म्हणाले. आईने माझा फोन मागितला.

"खिडकीत ये," ती म्हणाली. दुसऱ्या मजल्यावरचा पडदा हलला. मावशीचं तोंड दिसलं, फोन कानाला. आईने काच खाली करून हात हलवला.

"अगं, बघत काय राहिलीस? खाली ये."

"माझे गुडघे, ताई..." आम्हाला फोनमधून ऐकू येत होतं.

"मी हा असला मणका घेऊन पत्रीपूल ओलांडून आले. तू दोन जिने उतर. घाई करू नकोस. मी बसलेय."

मी वर धावले. मावशी एका हाताने कठडा आणि एका हाताने मला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरली. मध्ये दोनदा थांबली. वाटेत एका पायरीवर मला म्हणाली, "तुझ्या आईचा स्वभाव लहानपणापासून असाच आहे." खाली पोचल्यावर तिला गाडीपर्यंत नेलं, तर मागच्या सीटवर शिरायला गुडघे वाकेनात. बाबांनी ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवली आणि तिला तिथे बसवलं. मावशीने आधाराला स्टिअरिंग धरलं.

आईने आधी तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. कपाळ बघितलं, अंगठ्याने चोळून बघितलं.

"डाग नाहीय," ती मला म्हणाली. "पंख्याची सावलीच होती."

मग दोघींनी दारं लावून घेतली. बाबा आणि मी मावशीच्या बिल्डिंगच्या पायरीवर बसून राहिलो. आतलं काही ऐकू येत नव्हतं, नुसते हात हलताना दिसत होते. काही वेळाने बाबा उठले, गाडीपाशी जाऊन वाकले, कान लावून ऐकून आले.

"दोघी इतक्या हलतायत आत," ते म्हणाले, "पण खाली एक आवाज नाही."

ऊन कलायला लागल्यावर आईने काच खाली केली. मला वाटलं, थकली असेल, निघूया म्हणेल.

"अहो," ती बाबांना म्हणाली, "पुढच्या गुरुवारी पाना आणि ठोकळे बरोबर घ्या. हिला पुढे बसवून फिरवायचंय, मी मागे बसेन. ते बोल्ट सैल करून हिच्या वजनासकट आवळा."